धान्य वर्ज्य, बारा किलो

मी एक पिशवी बोलतेय. पिशवी म्हटल्यावर भाजीची आठवली असेल तर ती आधी डोळ्यांसमोरून बाजूला करा. मी कुत्र्याच्या कोरड्या खाण्याची, जाड विणीची, चांगली बारा किलोची पिशवी आहे. माझ्या छातीवर लांडगा छापलेला आहे. बर्फात उभा, मान वर, आणि पायांशी सोनेरी अक्षरांत दोन शब्द: 'धान्य वर्ज्य'. एवढं वाचलं की माणसाची अक्कल दुकानाच्या पायरीवर जाऊन बसते आणि माणूस एकटाच आत येतो.

तुम्हा माणसांविषयी मला फारसा आदर नाही, हे आधीच सांगून टाकते. का नाही, ते सांगायलाच तोंड उघडलंय. आमचं तोंड एकदा कात्रीनं उघडलं की पुन्हा नीट मिटत नाही, तेव्हा आता सगळं ऐकून घ्यावं लागेल.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दोन यंत्रं होती. उजवीकडच्या यंत्रात मक्याचं पीठ पडायचं, डावीकडच्या यंत्रात वाटाण्याचं आणि बटाट्याचं. कोंबडीचा चुरा दोन्हीकडे तोच. वर फवारायचं तेलही एकाच टाकीतलं. दाणे बाहेर पडले की दोन्हीकडचे इतके सारखे दिसत, की यंत्रावरचा माणूस जेवून परत आला की आधी पाटी वाचायचा आणि मग कामाला लागायचा. उजवीकडच्या पिशव्यांवर हसरं पिल्लू होतं. आम्ही डावीकडच्या, म्हणून आमच्यावर लांडगा. लांडग्यानं वाटाणे नेमके कधी खाल्ले, हे चित्र काढणाऱ्याला कुणी विचारलं नाही. माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत 'वाटाणा' असं स्पष्ट लिहिलंय. आजवर एकाही माणसानं माझी पाठ वाचलेली नाही.

तिथून मी दुकानात आले. दुकानदार पोटानं सुटलेला, बोलायला गोड. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच वाक्य ऐकवायचा, "तुमच्या कुत्र्याच्या रक्तात अजून जंगल आहे." हे ऐकून माणसं सुखावत. स्वतःच्या रक्तात काय उरलंय ते ठाऊक असतं बिचाऱ्यांना, निदान कुत्र्याच्या तरी जंगल असावं. एक गृहस्थ तर फरशी गार लागते म्हणून आपल्या कुत्र्याला कडेवर घेऊन आले होते. त्यांना दुकानदारानं हेच वाक्य ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या शेजारची पिशवी घेऊन गेले.

एका सकाळी पडदेवाली आली. गळ्यात मोजपट्टी, मनगटावर टाचण्यांची उशी, बाहीला दोरे चिकटलेले. घरोघरचे आणि हॉटेलांचे पडदे शिवायचा तिचा धंदा होता. तिनं लांडग्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळला आणि म्हणाली, "वीण चांगली आहे." माझी एवढी खरी पारख त्याआधी कुणी केली नव्हती. मला वाटलं, चला, एक तरी शहाणं माणूस भेटलं. पुढच्या दोन मिनिटांत तो भ्रम गेला.

"आमच्या शेजारची दातांची डॉक्टरीण सांगत होती," ती दुकानदाराला म्हणाली, "धान्यानं खाज सुटते कुत्र्यांना."

"आठ आठवडे हेच द्या. दुसरा कण नको. फरक नाही पडला तर माझं नाव बदला."

त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते बदलून तिला काय मिळणार होतं, देव जाणे. तरी तिनं मला उचललं.

घर तळमजल्यावर होतं. पुढच्या मोठ्या खोलीत तिचा कारखाना. कापड पसरायला लांबलचक टेबल, दोन शिलाई मशिनं, भिंतीला टेकवून उभे केलेले कापडाचे तागे आणि पडद्यांचे पाइप. मागे स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या. मला टेबलाच्या कडेला, कुत्र्याच्या गादीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. लांडग्याचा वंशज मला तिथे भेटला. तपकिरी, आखूड पायांचा, एक कान उभा आणि एक पडलेला. घरात त्याला शहाणा म्हणत. मशीन सुरू झालं की हा झोपायचा आणि बंद पडलं की दचकून उठायचा. माझ्या छातीवरचा पूर्वज पाहून तो दोन पावलं मागे सरला आणि म्हाताऱ्याच्या पायांमागे जाऊन बसला.

म्हातारा म्हणजे पडदेवालीचे सासरे. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना आजोबा म्हणे. बायको गेल्यापासून त्यांच्या बसच्या गोष्टी ऐकून घेणारा घरात एकच जीव उरला होता, आणि तो शेपटीवाला होता. तिसरा माणूस पडदेवालीचा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. स्वभावानं चांगला, पण शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. घरात भांडण झालं तर दोघांनाही हा आपल्याच बाजूचा वाटे.

आता दुखणं सांगते. शहाण्याच्या पोटावरचे, काखेतले आणि मांड्यांच्या आतले केस झडले होते. कातडी लालभडक. दिवसभर खाजवायचा, रक्त येईपर्यंत चावायचा. मी यायच्या आठवडाभर आधी एका दवाखान्याचे पांढरे पडदे शिवून टेबलावरून खाली लोंबत होते. हा त्यांना अंग घासत गेला आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. अख्खा पडदा पुन्हा शिवावा लागला. त्या दिवशी पडदेवालीनं निकाल लावला होता, आणि मला आणल्यावर त्याला दुकानदाराची मुदत जोडली. आठ आठवडे. तेवढ्यात बरा झाला तर राहील, नाहीतर धाकट्या दिराच्या गोदामावर जाईल. गोदाम आजोबांनी पाहिलेलं होतं. पत्र्याचं छप्पर, फाटकाशी दोन दांडगे कुत्रे आणि प्रत्येकाला चार हात साखळी. शहाणा तिथे आठवडाभर टिकला नसता हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्याच्यावाचून आपणही फार टिकणार नाही असं त्यांना वाटे. हे ते कुणापुढे बोलत नसत. शहाण्याच्या कानात बोलत, आणि मी शेजारीच असल्यामुळे मला ऐकू येई.

जनावरांच्या डॉक्टरकडेही ही मंडळी जाऊन आली होती. डॉक्टरनं सांगितलं होतं की खाण्याचाच दोष असेल असं काही नाही, हवं तर करून पाहा, पण बाकीचंही बघा. मग त्यानं विचारलं, कुत्रा झोपतो कशावर? पडदेवालीनं अभिमानानं सांगितलं, नव्या कापडाची गादी मी स्वतः शिवलीय. डॉक्टर म्हणाला, मग तिचं कव्हर आधी दोनदा धुऊन काढा. झालं, तिथेच बिनसलं.

"धुऊन काढा म्हणे," ती घरी येऊन चारचौघांना ऐकवायची. "आपलं कापड काय रस्त्यावर पडलेलं असतं? आणि त्याच्या दवाखान्याचे पडदे बघितलेत का? खिडकीच्या खाली दोन बोटं हवेत, तर दोन बोटं वर. त्याला काय कळतंय."

आता ती गादी कसली होती ते ऐका. झोपायच्या खोलीत उजेड येऊ नये म्हणून पडद्याला आतून काळं अस्तर लावतात. त्याच्या एका अंगाला कसलासा लेप असतो. ते अस्तर धुतलं की लेप तडकतो, म्हणून हा धंदा करणारी माणसं ते कधी धुवत नाहीत. पडदेवाली तर प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायची, धुतलंत तर माझी जबाबदारी नाही. त्याच अस्तराचे उरलेले तुकडे जोडून, काम आटोपल्यावर बसून, दुहेरी टाक्यांची ती गादी तिनं कुत्र्यासाठी शिवली होती. मनापासून शिवली होती, ह्यात शंका नाही. लेपाचं काळं अंग वर घेतलं होतं, म्हणजे मळ दिसणार नाही. तिला नव्या टायरसारखा वास यायचा. पोटाला केस नसलेला प्राणी त्यावर रोज पोट टेकून झोपायचा. दुखणं होतं पोटाखाली आणि उपचार चालले होते ताटलीत.

प्रयोग सुरू झाला. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत द्यावं असं माझ्या पाठीवर लिहिलंय, पण पाठ कोण वाचतो? पहिल्याच दिवशी जुनं खाणं बंद आणि ताटलीत नुसते माझे दाणे. शहाण्यानं एक एक दाणा उचलून फरशीवर मांडून ठेवला, कुणाचं तरी हरवलेलं सामान परत करावं तसा. मग भूक अनावर झाल्यावर सगळे गिळले. पुढचे चार दिवस त्या खोलीत खिडकी उघडी ठेवून मशीन चालवावं लागलं. शेजारची दातांची डॉक्टरीण दारातूनच म्हणाली, "अंगातलं सगळं धान्य बाहेर पडतंय." पडदेवालीनं मान हलवली. नवऱ्यानंही हलवली. नाक मात्र तिघांनी धरलं होतं.

आजोबांनी एका सकाळी इकडेतिकडे पाहून माझा एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग शहाण्याकडे पाहून म्हणाले, "माफ कर बाबा." त्या दिवसापासून ते दाण्यांवर कोमट पाणी घालून द्यायला लागले.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रोज दुपारी चारला ते चहाबरोबर दोन बिस्किटं खायचे. दीड त्यांचं, अर्धं शहाण्याचं, असा वर्षानुवर्षांचा करार होता. दुसरा कण नको असं ठरल्यावर त्यांनी त्याचं अर्धं बंद केलं. पण तो समोर बसून तोंडाकडे बघत राहायचा, तेव्हा तिसऱ्या दिवशी आपलं दीडही बंद केलं. मुलाला सांगितलं, आणू नकोस आता. बिस्किटांचा डबा धुऊन पुसून पालथा घातला. दोन बिस्किटांसाठी काय एवढं, असं मी तेव्हा मनात म्हटलं. माणसाची कीव करण्यापेक्षा त्याला हसणं मला सोपं जातं.

पडदेवालीची तपासायची रीत मात्र तिच्या धंद्यातली होती. दर रविवारी सकाळी आजोबा शहाण्याला उताणा धरायचे आणि ही कापडावर खुणा करायचा खडू घेऊन त्याच्या पोटावरच्या लाल डागाभोवती कडेकडेनं रेघ ओढायची. पुढच्या रविवारपर्यंत ती पुसट होई, पण कळण्यापुरती उरे. डाग रेघेच्या आत गेला की बरा होतोय, बाहेर गेला की नाही. चार रविवार डाग रेघेवरच राहिला. पाचव्या रविवारी तो अर्धं बोट बाहेर होता. तिनं रेघ ओढली, खडू फुंकला आणि म्हणाली, "मी भाऊजींना सांगून ठेवते. आठवा रविवार." आजोबांनी शहाण्याचे चारही पाय हळूच खाली ठेवले.

"अजून तीन आठवडे आहेत ना," ते म्हणाले.

"आहेत. म्हणूनच आत्ता सांगून ठेवते."

"थोडं थांबू या की," नवरा म्हणाला. मग बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे सांगून ठेवायला हरकत नाही."

त्याच आठवड्यात एका हॉटेलचं मोठं काम निघालं. पडद्यांचे पाइप टेम्पोत घालताना एकमेकांवर आपटून पोचे पडू नयेत म्हणून नवऱ्यानं मध्ये काहीतरी मऊ शोधलं. हाताशी कुत्र्याची गादी सापडली. पाइपांबरोबर ती हॉटेलवर गेली आणि तिथल्या सामानाच्या खोलीत राहिली. त्याच सुमारास माझ्यात मुंग्या शिरल्या, म्हणून आजोबांनी उरलेले दाणे पत्र्याच्या डब्यात ओतले. मग फरशी गार लागेल म्हणून मला पसरलं, माझ्यावर आपली हजारदा धुतलेली जुनी चादर चौघडी करून घातली, आणि शहाणा त्यावर झोपू लागला. म्हणजे लांडगा खाली, वर चादर आणि चादरीवर घोरणारा त्याचा वंशज.

तिसऱ्या दिवशी त्याचं खाजवणं कमी झालं. सहाव्या दिवसापासून रात्रभर पाय हलला नाही. सहाव्या रविवारी पडदेवालीनं खडू हातात घेतला आणि डाग दोन बोटं आत गेलेला पाहून ती तशीच बसून राहिली. तिनं मोजपट्टी काढून पुन्हा मोजलं. मग हसली. मी त्या घरात आल्यापासून तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"बाबा, लागू पडलं," ती म्हणाली. "खाणं लागू पडलं."

आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसलं. मग काय विचारता. मला शहाण्याच्या अंगाखालून काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, फोटो काढला आणि दारासमोरच्या खिळ्यावर टांगलं, येणाऱ्याजाणाऱ्याला नाव वाचता यावं म्हणून. दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः येऊन मला पाहून गेल्या आणि हे सगळं आपण सुचवलं असल्याची आठवण तीन वेळा करून दिली. पडदे बघायला आलेली गिऱ्हाइकं आधी माझी गोष्ट ऐकायची. कुणाच्या मावशीचा कुत्रा खाजवायचा, कुणाच्या बहिणीची मांजर. सगळ्यांना धान्य हाच शत्रू सापडला. ज्यांच्या घरी कुत्रा नव्हता तेसुद्धा विचारत, माणसांना चालतं का हो असं काही?

मी वरून सगळ्यांना हसत होते. पण हसत होते म्हणजे नुसती हसत नव्हते, तेही सांगते पुढे.

त्याच आठवड्यात हॉटेलचं काम संपलं आणि उरलेल्या पाइपांबरोबर गादी घरी आली. पडदेवालीनं ती झटकली आणि कौतुकानं जुन्या जागी घातली. "ये, शहाण्या, तुझी जागा आली." शहाणा तिच्यावर चढला, हुंगला आणि उतरून फरशीवर झोपला. नवऱ्यानं त्याला उचलून पुन्हा गादीवर ठेवलं. तो पुन्हा उतरला. असं चार वेळा झालं. शेवटी तो थकून गादीवर झोपला. ह्या घरात त्याचं नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्याला मी मानते.

सातव्या रविवारी डाग पुन्हा रेघेला टेकला. गुरुवारपर्यंत तो रेघेबाहेर दोन बोटं गेला आणि शहाणा पुन्हा रात्रंदिवस खाजवू लागला. खाणं तेच, मापही तेच. ह्यावर कुणी गादीकडे बघेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही माणसांना ओळखत नाही. पडदेवालीनं मशीन थांबवलं आणि सासऱ्यांकडे वळून पाहिलं.

"बाबा, खरं सांगा. बिस्कीट दिलंत ना त्याला?"

"नाही दिलं."

"थोडंसंसुद्धा नाही? चहात बुडवून?"

"सूनबाई, मी स्वतःच सोडलंय. डबा बघ हवं तर, रिकामा आहे."

"रिकामा आहे म्हणजे कुणीतरी खाल्लंच ना."

आजोबा म्हणाले, "आणलंच नाही, तर खाणार कोण?"

"असेल बाबा, चुकून एखादं," नवरा म्हणाला. बिस्किटं आणू नकोस हे त्यालाच सांगितलेलं होतं, ते साफ विसरून.

"चांगला बरा होत आलेला कुत्रा," पडदेवाली म्हणाली. तिचा आवाज रागाचा कमी आणि थकल्याचा जास्त होता. "तुमच्या लाडापायी जाणार तो गोदामावर. मग मला बोल लावू नका."

चाळीस वर्षं बस चालवली, एकदाही सिग्नल मोडला नाही, असं सांगणाऱ्या माणसाला घरात खोटं ठरवलं गेलं. ते मागच्या खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. दुपारी मात्र कारखान्यात येऊन शहाण्याजवळ खाली बसले. हे शेवटचे तीनच दिवस, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. अंगात बिनबाह्यांची बनियन. बसता बसता ते गादीवरच आडवे झाले, उजवा हात पालथा डोक्याखाली घेतला, आणि शहाणा त्यांच्या पायांशी फरशीवर पडला. त्यांनी त्याला सांगितलं की गोदामावर गेल्यावर त्या दोन दांडग्यांच्या नादी लागू नकोस, आधी त्यांना खाऊ देत जा. गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी, तिन्ही दुपारी ते तसेच झोपले.

आठव्या रविवारी सकाळी धाकटा दीर टेम्पो घेऊन आला. हातात नवी साखळी. "वहिनी, कुठंय पाहुणा?" असं म्हणत तो दारात उभा राहिला. पडदेवालीनं त्याला थांबायला सांगितलं आणि सवयीनं खडू घेतला. ती म्हणाली, एकदा बघून घेते. आजोबांनी शहाण्याला उताणा धरला. त्यासाठी त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सरकवल्या होत्या.

ती पोटाकडे बघायला वाकली आणि बघत राहिली ती त्यांच्या हाताकडे. कोपरापासून मनगटापर्यंत, आतल्या अंगाला, लालभडक चट्टा उठला होता. बारीक पुरळ, मध्ये खाजवल्याच्या रेघा.

"हे काय झालं?"

"काही नाही. दोन दिवस खाजतंय जरा."

"काही लागलं का? मलम, साबण?"

"कुठलं काय. दुपारी ह्याच्याजवळ पडतो, तेवढंच."

"कुठे पडता?"

"इथंच. गादीवर."

पडदेवालीनं शहाण्याच्या पोटाला हात लावला नाही. तिनं खडू उचलला आणि सासऱ्यांच्या हातावर, चट्ट्याच्या कडेकडेनं, सावकाश रेघ ओढली. मग शहाण्याच्या पोटावर ओढली. दोन्ही रेघांकडे पाहिलं. मग गादी उचलून नाकाशी धरली, तो वास घेतला ज्यात ती बारा वर्षं बसत आली होती, आणि गादी खाली ठेवून स्वतःचे तळहात उलटेसुलटे करून पाहू लागली. तिची बोटं कायम सोललेली असायची. कापडाच्या धंद्यात हात असेच व्हायचे, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

"डॉक्टरनं सांगितलं होतं धुवायला," ती म्हणाली.

नवऱ्याला ह्या वेळी कुणाची बाजू घ्यायची ते कळलं नाही.

"वहिनी, मग न्यायचा की नाही?" दिरानं विचारलं. "टेम्पो रस्त्यात उभा आहे."

"नाही," ती म्हणाली. "साखळी तुमच्याकडेच राहू दे."

तिनं गादी कात्रीनं टराटरा फाडली नाही. मांडीवर घेतली आणि टाके उसवायची सुरी घेऊन एक एक टाका उसवत बसली. दुहेरी शिलाई होती, तिचीच, पक्की. दुपार होईपर्यंत ती उठली नाही. मधेच मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला खोटं ठरवलं."

"बसमध्ये रोज कुणीतरी ठरवायचं," आजोबा म्हणाले. मग म्हणाले, "घरात पहिल्यांदाच कुणी ठरवलं. वाईट वाटलं मला."

ती रडली. शहाणा उठून तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसला, आणि तिनं त्याला हाकललं नाही. पांढऱ्या कापडाच्या ढिगाच्या तो एवढ्या जवळ बसलेला असूनही.

ह्याला आता तीन महिने झाले. आजोबांचा हात आठवड्यात बरा झाला, शहाण्याच्या पोटावर तपकिरी लव आली आहे. तो जुनंच खाणं खातो, मक्यासकट, आणि जुन्या चादरीवर झोपतो. माझे उरलेले दाणे दीर गोदामावर घेऊन गेला. त्या दोन दांडग्यांनी ते न चावता गिळले म्हणे. माझी वीण चांगली म्हणून पडदेवालीनं मला उभं आडवं कापलं आणि पडद्याच्या वरच्या झालरीचा फर्मा केला. लांडग्याचं तोंड एका तुकड्यावर आहे आणि बर्फ दुसऱ्यावर. माझ्या कडेनं खडू फिरवून ती कापड कापते. परवा दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पडदेवालीनं त्यांना झालेला प्रकार सगळा सांगितला, स्वतःची चूकही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निघताना विचारलं, "पण ते खाणं मिळतं कुठे?"

हसू आलं ना? मलाही आलं. पण खिळ्यावर टांगलेली असताना मी नुसती हसत नव्हते, असं मघाशी म्हणाले, तेवढं सांगते आणि पुरे करते. गादी हॉटेलवर गेली, शहाणा माझ्या अंगावर झोपायला लागला आणि तिसऱ्या रात्री त्याच्या पायाचं हलणं कमी झालं, तेव्हाच मला सगळं कळलं होतं. त्याचं पोट माझ्यावर होतं, मला नाही कळणार तर कुणाला? पण मग मला पुसलं, फोटो काढला, गल्लीभर माझं नाव झालं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या छातीवरचं लिहिलेलं खरं ठरत होतं. गादी परत आली, शहाणा तिच्यावरून चार वेळा उतरला, आणि मी वर टांगलेली बघत होते. मला वाचा नव्हती म्हणून मी गप्प राहिले असं समजून तुम्ही मला माफ कराल. करू नका. वाचा असती, तरी मी त्या दिवशी बोलले नसते.